पिपांवरची धून

आमच्या शाळेतल्या पिपांचं तुम्हाला सांगायचंच राहिलं. मी वणीला संगीत शिकवतो. कॅरिबियन बेटांवर तेलाच्या पिपाचं तोंड ठोकून खोलगट करतात आणि त्यावर काठ्यांनी सूर वाजवतात. व्हिडिओ पाहून आम्हीही एका गॅरेजवाल्याकडून तशी पिपं ठोकून घेतली, आणि सातवीच्या पोरापोरींना शिकवायला लागलो. मुख्याध्यापक म्हणाले, "गॅदरिंगमध्ये जमलं तर ठेवू, नाही तर भंगारात देऊ."

गॅदरिंगला मुख्य धून पल्लवीकडे होती. सुरुवात झकास झाली, आणि अर्ध्यातच तिचे हात थांबले. ती थांबली तशी बाकीची पोरंही थांबली.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून आवाज आला, "टिण टिण टाण, टिणटिण टाण..." पल्लवीची आई उभी राहून पुढची धून गात होती. लोक हसले, पण पल्लवीनं काठ्या उचलल्या. मागोमाग सगळे सुरू झाले. शेवटी मुख्याध्यापकांच्याच टाळ्या थांबेनात.

मी विचारलं, "ताई, तुम्हाला धून पाठ कशी?"

"कशी नाही होणार सर? घरी ताट, गंज, वाटी, काहीच सोडलं नाही हिनं. मी पोळ्या लाटून राह्यली, की हिचं टिणटिण सुरू."

पल्लवी मात्र कानकोंडी झाली होती. "आई, साऱ्यांसमोर काहून गायली तू?"

"तू थांबली म्हणून," आई म्हणाली. "तू वाजवत राह्यली असती, तर मी बसलीच होती ना गुपचूप."