तपासणीआधीचा मसुदा

निकेत : तुझ्या प्रस्तावातला पान चौदा. ह्या काय लिवलंस गो, संजना?

संजना : काय लिहिलंय?

निकेत : वाचून दाखवतंय, आयक. "जुन्या पानांचे मसुदे व फेरफारांच्या नोंदी नव्या प्रणालीत नेण्याची आवश्यकता नाही." आवश्यकता नाही म्हणजे?

संजना : म्हणजे गरज नाही.

निकेत : मराठी कळता माका. पुण्याक जावन तुझी भाषा बदलली, माझी नाय.

आनंदीबाई : अरे, पण माका कायच कळूक नाय. संस्थेची संचालक मी, उद्याच्या सभेत हात वर करतलंय मी. रविकांत गेल्यावर ह्या कामाक जाणकार माणूस व्हया, म्हणान तुका पुण्यासून बोलवलंव ना गो? मगे पयला माका सांग. वेबसाईट बदलूची काय नाय?

संजना : बदलायची, आनंदीकाकी. वेबसाईट तशी राहील, ती चालवणारी प्रणाली बदलायची. आत्ताची दोन हजार चार सालची आहे. मार्चनंतर कंपनी तिची दुरुस्ती करणार नाही. मराठी अक्षरांसाठी वेगळा फाँट लागतो, त्यामुळे बाहेरच्या माणसाला आपल्या पानावर नुसते चौकोन दिसतात. आणि रेडीपासून देवगडपर्यंत मच्छीमारीच्या, पर्यटनाच्या बावीस संस्था या एकाच वेबसाईटवर, पण तारकर्लीच्या एका खोलीचा फोटो बदलायचा तरी निकेतला फोन करावा लागतो. नव्या प्रणालीत ज्याचं पान त्यानं लिहायचं.

निकेत : ता माका मान्य आसा. माझो कान तरी दुखाचो थांबात.

आनंदीबाई : आणि सकाळचो हवाल? समुद्र कसो आसा तो? पाच वर्सा झाली, जेटीवरचो तो कागद वाचल्याशिवाय माझो घोव होडी लोटणा नाय.

संजना : हवाल राहीलच, काकी. रोज निघेल, जेटीवर लागेल.

आनंदीबाई : मगे भांडतास कित्याक?

निकेत : रविकाकांनी लिवलेला हिका फेकूचा आसा, म्हणान.

संजना : फेकत नाहीये. पाच वर्षांचे निघालेले हवाल सगळे येणार. त्याआधीचे कच्चे मसुदे, कोणी काय खोडलं त्याच्या नोंदी, एवढंच सोडतेय. ते न्यायचं तर तीन आठवडे जास्त लागतील.

निकेत : लागांदेत.

संजना : कोणासाठी? कोण वाचणार आहे?

आनंदीबाई : गो, तुझ्याच बापाशीचा ना ता?

संजना : माझ्या वडलांचं काय ठेवायचं ते मला ठरवू दे, काकी.

आनंदीबाई : ठरव बाय. माका बाजारात जावचा आसा, पाटयेत बांगडे आसत, ते तुमच्यासाठी थांबाचे नाय. उद्या दोगांनी मिळान एकच काय ता सांगा. तुझ्यासारख्या जाणकारान एक सांगूचा आणि ह्या निकेतान दुसरा, मगे आमी हात खंयच्या बाजून वर करूचो?

(आनंदीबाई पाटी उचलून जातात. ऑफिसात दोघंच उरतात.)

निकेत : आता सांग. तीन आठवड्यांची गजाल नको. खरा काय ता सांग.

संजना : खरं? परवा मी ती नोंदींची यादी उघडली. वडील होते तोवरचे चौदाशे दिवस. प्रत्येक दिवसापुढे दोन नावं. लेखन, रविकांत. तपासणी, निकेत. पहाटे पाच चाळीसला ते, सहाला तू. पावसाळ्यातले बंदीचे महिने सोडले तर एक दिवस चुकलेला नाही. मी खाली खाली जात राहिले. माझं नाव एकदासुद्धा नाही.

निकेत : तू हय नव्हतंस.

संजना : तेच तर. संगणक मी शिकले आणि त्यांच्या संगणकाशेजारी बसलास तू. वारा कुठून सुटला की काय समजायचं, ते तुला सांगितलं. मला शनिवारी फोनवर काय? "जेवलीस? बरं. आईकडे देतो."

निकेत : तेंचा बोलणाच तसा होता.

संजना : तुझ्याशी नव्हतं. तेराव्याला लोक येऊन तुझ्या खांद्यावर हात ठेवत होते. मी तिथेच उभी होते. धामापूरहून आलेल्या एका बाईंनी मला विचारलं, तुम्ही कोणाकडच्या?

निकेत : ह्या माका म्हायत नाय.

संजना : तुला कुठून माहीत असणार. तू पाणी वाढत होतास, घरचा असल्यासारखा. आणि शेवटीही तूच होतास जवळ. चार महिने मी तुला विचारलं नाही. काय बोलले शेवटी?

निकेत : "वारो दक्षिणेक फिरलो. लाल बावटो लाव." मी बावटो लावूक गेलंय. परत इलंय तेवा खुर्चीत मान टाकलेली. इतक्याच.

संजना : तेही तुलाच सांगितलं.

निकेत : बावट्यावरसून पण जळतंस?

संजना : जळते.

निकेत : बरा. मगे माझा पण आयक. शनवारी तुझो फोन वाजलो, काय रविकाका माका म्हणत, "निकेत, वायच भायर जा." जेवलंस काय, इतक्या इचारूक माका भायर कित्याक धाडूक व्हया? मी आपलो जेटीर उभो. खिडकीतसून दिसत. फोन ठेवल्यावर पण तसेच बसलेले. माका तेंनी सगळा शिकवल्यानी गो. पण माझ्यासाठी कोणाक कधी भायर धाडूक नाय.

संजना : हे मला कोणी सांगितलं नाही.

निकेत : मी सांगूचा? तुका? ... त्या यादीतलो एक तरी मसुदो उघडलंस?

संजना : नाही.

निकेत : कित्याक?

संजना : धीर झाला नाही. त्यांचं वाक्य, तपासायच्या आधीचं. त्यांच्या हातचं.

निकेत : उघड आता. खंयचोय दिवस घे. माझी तपासणी होवच्या आदलो.

संजना : वीस नोव्हेंबर, दोन हजार सहा. "वारा उत्तरेचा, मंद. समुद्र शांत. निवतीपर्यंत जाण्यास हरकत नाही. पुणे, पहाटे थंडी, अकरा अंश." ... पुणे?

निकेत : आता सहा वाजताचो बघ. माझो.

संजना : तोच. पुण्याची ओळ नाही.

निकेत : मी काढलंय. रोज मीच काढलंय. राती रेडियोवर आयकत आणि सकाळी लिवत. पयल्याच दिवशी मी म्हटलंय, काका, होडयेवाल्यांका पुण्याचो पाऊस कित्याक? म्हणाले, "बरा, काढ." दुसऱ्या दिवशी परत लिवलेला.

संजना : थांब. हे काय? इथे बेंगळूर आहे.

निकेत : तीन महिने कामाक थय गेललंस मगे.

संजना : आणि हे पाच दिवस... या पाच दिवसांत ओळच नाही.

निकेत : तारीख बघ. गणपती. तू घराकडे इललंस.

संजना : (पुन्हा वीस नोव्हेंबरवर जाते) पुणे. अकरा अंश.

निकेत : पाणी दिवू?

संजना : नको. चार महिने तुला हे माहीत होतं.

निकेत : पाच वर्सा म्हायत होता.

संजना : आणि मला सांगितलं नाहीस.

निकेत : नाय. बाकीचा सगळा तुझाच होता. आडनाव तुझा, घरातलो फोटो तुझो, दिवसकार्य तुझा. ह्या एक माका एकट्याक म्हायत होता. ता पण तुझाच, म्हणान तर सांगवला नाय.

संजना : आणि मी ते पुसायला निघाले होते.

निकेत : म्हणानच सांगतंय. नायतर अजून गप बसलंय असतंय.

संजना : पान चौदा दे इकडे.

निकेत : काय लिवतंस?

संजना : "नवी प्रणाली घ्यावी. जुने सर्व मसुदे फेरफारांच्या नोंदींसह न्यावेत." ते तीन आठवडे मी देते, संध्याकाळी बसून. तोवर हवाल जुन्यावरच चालू दे. आता लेखन कोण करतं?

निकेत : मीच. तपासणी पण मीच. दोनय रकान्यांत माझाच नाव. बघूक बरा नाय वाटणा.

संजना : तपासणी माझ्याकडे दे. पुण्याहून करीन.

निकेत : तुका वारो कळता?

संजना : वारो तू बघ. आकडे मी बघीन.

निकेत : सकाळी सहाक उठतलंस? पुण्यात?

संजना : उठेन.

निकेत : उद्या सभा झाल्यावर गाडयेत बसतलंस. म्हणजे परवा सकाळी तू थय.

संजना : हो.

निकेत : मगे परवाच्या हवालात... ती ओळ लिवू?

संजना : लिव.

निकेत : आणि तपासताना?

संजना : काढतलंय. होडयेवाल्यांका पुण्याचो पाऊस कित्याक?