देवीला सांगितलेला पत्ता

कोयनेच्या पाण्याकाठचे ते रिसॉर्ट तुम्ही पाहिले असेल. मालकांनी तिथल्या रस्त्यांना ‘बीच रोड’, ‘सी व्ह्यू’ अशी नावे दिली होती. आमचे जुने गाव त्याच पाण्याखाली आहे. त्याच्या आळ्यांची नावे द्यावीत, ही आमची विनंती त्यांनी हसण्यावारी नेली.

उद्घाटनाचा नारळ मात्र त्यांना आमच्याच देवीला वाहायचा होता. गाऱ्हाणे घालताना गुरवकाकांनी विचारले, “कंच्या आळीचं?”

“बीच रोड.”

“सायेब, देवीला समुद्र ठावा न्हाई. आळी सांगा, न्हाईतर नारळ माघारी न्या.”

सारे पाहुणे पाहत होते. आमच्या विनंतीतले पहिले नाव आठवून मालक पुटपुटले, “कुंभार आळी.”

“मोठ्यानं बोला, आई लय म्हातारी हाय!”

मालक ओरडले. देवीसमोर दिलेला शब्द फिरवता येत नाही. आठवड्यात सगळ्या पाट्या बदलल्या.