रांगेत आईचं नाव

इर्बिद शहरातल्या दवाखान्यात औषधाच्या खिडकीपाशी माझ्यापुढे दोघं उभी होती. घरपोच औषधांचं अ‍ॅप बनवणारी.

“मुहन्नद, पहिल्या स्क्रीनवर पेशंट निवडला, की पुढच्या स्क्रीनला तू काय पाठवतोस?”

“नाव. उम्म फिरास.”

“नुसतं फिरासची आई? अरे, आमच्या एका गल्लीत चार जणी आहेत! काल एकीच्या शुगरच्या गोळ्या दुसरीकडे गेल्या. नशीब, तिने घेतल्या नाहीत.”

“मग बाईचं खरं नाव दाखवू? लोक अंगावर येतील, रुला. चारचौघांत कोण घेतं बायकांची नावं?”

“नाव कोण मागतंय? पेशंटचा नंबर पाठव.”

“एवढ्यासाठी दोन्ही स्क्रीनचा कोड परत उघडत बसू?”

“पुढचे या! कोणाचं औषध?” खिडकीतून आवाज आला.

“आईचं. उम्म मुहन्नद.”

“आज तीन आल्यात, बाळा. आईचं स्वतःचं नाव सांग.”

मुहन्नदने वळून आमच्या रांगेकडे पाहिलं. मग आईचं ओळखपत्र खिडकीतून आत सरकवलं.

“हां, नंबरावरून लगेच सापडलं बघ.”

“मुहन्नद, ऐकलंस ना?”

“उघडतो गं बाई, दोन्ही स्क्रीन उघडतो.”