सुनेच्या मागची सायकल

सानगडीच्या दवाखान्यात मागच्या बाकावर दोन म्हातारे नंबराची वाट पाहत होते.

"फकिरा, गुडघा काहून सुजला?"

"सून पहाटं मॅरेथॉनसाठी धावते. मी सायकलनं तिच्या मागं जातो."

"पाणी द्यायले?"

"पाण्याचं निमित्त. कोणाले भेटते, थे पाहून राहिलो."

"मंग, दिसला कोणी?"

"अजून नाही. पहिले तिले तलावाच्या पाळीवर गाठत होतो. आता मी पाळीवर पोहोचतो, तं सून दिसतच नाही."

"तिले मालूम आहे?"

"कायचं मालूम. परवा भंडाऱ्याच्या शर्यतीत मेडल भेटलं, तं माह्याच गळ्यात टाकलं. म्हणे, मामाजी मागं असतात म्हणून मले भेव नाही लागत."

"मंग तू काय म्हटलं?"

"म्हटलं, उद्यापासून जराशी हळू धाव."