हाय प्रेसमध्ये माझी जागा

...आणि वर मलाच विचारतात, "केसरीनाथशेट, तुम्ही मध्ये कशाला बोललात?" अहो, बाप बोलणार नाही तर कोण बोलणार? आमच्या पूर्णा गावाच्या फुटबॉल टीमची कोच माझी मुलगी, मृणाली, आणि कमिटीच्या प्रभाकर सरांनी चष्मा पुसत सांगून टाकलेलं, "दिघाशी गावाशी फायनल हरलात, तर शिट्टी पुन्हा जुन्या कोचकडे, सावळारामकडे." पोरीची शिट्टी जायची वेळ आलीय आणि मी गप्प बसू? आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

तिनं मला आधी समजावलं होतं हो, जेवताना, ताटात वाटाणे मांडून! "पप्पा, हा हाय प्रेस. बॉल त्यांच्याकडे असतानाच त्यांच्या दारात जाऊन घेरायचं." म्हटलं, आपला स्ट्रायकर गोल मारणार ना? "तो आधी त्यांच्या डिफेंडरच्या मागे धावणार." मग आपले डिफेंडर? "ते मैदानाच्या मध्यात." आणि गोलकीपर? "तोही पुढे." म्हणजे घरी कोणीच नाही! तीस वर्षं कापडाच्या धंद्यात आहे, पण आपलं शटर उघडं टाकून सगळा स्टाफ समोरच्याच्या दुकानात घुसवलेला मी पाहिला नाही... "घाबरू नका," म्हणे, "आपली मागची ओळ एकदम पुढे सरकली, की त्यांचा माणूस मागे एकटा उरतो, ऑफसाईड होतो, त्याचा गोल धरत नाहीत." मी मान डोलावली. कळलं काय? वाटाणे गार झाले, एवढं कळलं.

मॅच सुरू झाली आणि पाचव्या मिनिटाला आमच्या भाविकनं त्यांच्या पायातला बॉल काढून गोल ठोकला! मी नाचलो. नाचता नाचता मागे बघतो तर काय, आमचा गोलकीपर फिरायला निघाल्यासारखा पुढे आलेला आणि त्याच्या मागे ही एवढी मोकळी जागा, दोन गोडाऊन आरामात बसतील! समोरच कुणाल, आमचा डिफेंडर, एरवी माझ्या गोडाऊनच्या गेटवर असतो. मी ओरडलो, "कुणाल, जागा सोडू नको!"

आता आमच्याकडे मी असं म्हटलं की गेटवरचा माणूस जेवायलासुद्धा हलत नाही. बाकी तिघे पुढे सरकले, कुणाल खांबासारखा उभा! त्याच्यामुळे कसलं ऑफसाईड आणि कसलं काय, लाईन्समनचा झेंडा खालीच, दिघाशीचा गोल. एक-एक!

मृणाली किंचाळली, "कुणाल, वर का नाही आलास?"

"शेट बोल्ले ना, जागा सोडू नको!"

"कोच शेट आहेत का मी?"

कुणालनं विचार केला... खरंच केला हो. म्हणाला, "पगार तर शेटच देतात, ताई."

सगळे माझ्याकडे बघतायत. माझं काय चुकलं?

हाफटाईमला पोरगी माझ्याजवळ आली. चिडली नाही, तेव्हाच मला भीती वाटली. "पप्पा, तुम्ही पलीकडे, रेषेबाहेर, त्यांच्या डिफेंडरजवळ उभे राहा." काय करू तिथे? "काही नको. नेहमीसारखे वागा."

गेलो. त्यांचा उंच डिफेंडर निघाला ओळखीचा, मानकोलीला ट्रान्सपोर्टवर असतो. ओळखीचा माणूस दिसल्यावर मी तोंड फिरवू? चहा झाला का, घरी सगळे बरे... शेवटची दोन मिनिटं उरलेली, बॉल त्याच्याच पायात, आणि मला आठवण झाली, "अरे, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं?"

चांगल्या घरचा मुलगा हो! वळला, हात जोडले, "बरंय शेट, आता जिना..."

जिन्यापर्यंत पोचलाच नाही. भाविक मागून आला, बॉल घेऊन गेला, गोल! दोन-एक! शिट्टी मृणालीकडेच राहिली, कुणाल मला उचलून ओरडतोय, "शेटनी प्रेस केला, शेटनी प्रेस केला!"

अहो, कसला प्रेस? मी मनापासून विचारलं होतं! पण ऐकतंय कोण? आता अख्ख्या तालुक्यात कुणालाही नुसतं "कसा आहेस बाबा?" म्हटलं, की माणूस उत्तर द्यायच्या आधी मागे वळून बघतो.