गेटवरचा आकडा

मराठीच आहे मी, ताई. हो, युवराज. बरकतपुऱ्यात राहतो, आजोबा बिदरकडून आले होते, तेव्हापासून आम्ही इथलेच. तुम्ही मघाशी फोनवर बोलत होतात ना — गाळा आवडलाय, फक्त माणसं किती येतात ते नक्की कळलं की झालं — ते ऐकू आलं मला. मुद्दाम नाही ऐकलं. गेटवर उभं राहिलं की ऐकू येतंच. बसा ना, ह्या खुर्चीवर बसा, आम्हाला बसायला मनाई आहे पण तुम्हाला कोण काय म्हणणार. सर, म्हणजे गाळे देणारे आमचे मॅनेजर, वर मीटिंगमध्ये आहेत, पंधरा मिनिटं तरी लागतील. माझी मराठी जरा अशीच आहे हं. घरी बोलतो तेवढीच. वाचायला दिलंत तर एकेक अक्षर जोडत बसेन — नववीत शाळा सोडली मी. ते जाऊ दे.

मघाशी तुम्ही विचारलंत आणि मी चार हजार म्हणालो. रोजचे चार हजार, शनिवार-रविवारी सहा. ते... सवय आहे, ताई. कुणी नाव विचारलं तर कसं आपोआप तोंडातून निघतं, तसं निघतं ते. सरांनी शिकवलंय. हा जी-चौदा नंबरचा गाळा बघायला कुणीही आलं की खाली गेटवर येऊन मला विचारतंच, कारण वर सांगतात त्यावर कुणाचा विश्वास नसतो, गेटवरच्या पोऱ्याला काय पडलंय खोटं बोलायचं — असं वाटतं माणसाला. तुम्हालाही तसंच वाटलं ना? तेच म्हणतोय मी.

हा मॉल उघडला तेव्हा मी चौथीत होतो. चंद्रहास मॉल म्हटलं की नागोलपर्यंत लोकांना माहीत होतं. आम्ही घरचे सगळे आलो होतो, आईनं लग्नातलं पातळ नेसलं होतं, आणि त्या सरकत्या जिन्यापाशी एवढी रांग — जिना चढायला रांग, ताई! वर तीन पडद्यांचं थिएटर होतं. आता तिथं डॉक्टरकीच्या त्या नीट परीक्षेचे क्लास आहेत, पडद्याच्या जागी फळा लावलाय, खुर्च्या मात्र त्याच, लाल, मागे टेकल्या की कलतात, पोरं झोपतात म्हणून मास्तर ओरडत असतो. पहिल्या मजल्यावर मोठं किराणाचं दुकान होतं, ट्रॉली घेऊन फिरायचं, ते गेलं, तिथं आता गुडघ्यांचे व्यायाम करून घेतात. आणि जी-चौदा — तुमचा तो — तिथं आधी बुटांचं दुकान होतं, मोठ्या कंपनीचं. ते गेल्यावर मोबाईल. मग खडा दुपट्टा आणि लग्नाचे शरारे शिवून देणारी बाई, मलकपेठेची, तिचं चाललं बऱ्यापैकी, पण लॉकडाऊन आलं. मग लसी टोचायच्या तिथं. मी पण तिथंच टोचून घेतली. आणि त्यानंतर — त्यानंतर एक फराळाचं दुकान होतं. आठ महिने. पाटी नीट बघितलीत का वरची? नवीन कागद लावला तरी खालची अक्षरं उठून दिसतात, ऊन पडलं की. तिथं 'सत्यवती' असं लिहिलेलं आहे अजून. तेवढं मला वाचता येतं.

हे मशीन बघितलंय का तुम्ही? बोटात अडकवायचं, माणूस आला की दाबायचं, टक्. एवढंच काम. एक मागच्या गेटवर आहे, एक हे माझ्याकडे. घ्या. घ्या ना, धरा, तुम्हीच दाबा — आधी शून्य करून देतो. सर येईपर्यंत तुम्हीच मोजा. पण एक करायचं, आत येणाऱ्यालाच दाबायचं. हा आला बघा, पिशवीवाला — दाबा. झालं. ही बाई बाहेर चाललीय, हिला नाही.

मी हिलाही दाबतो.

हो. आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा. तसं करायचं असतं इथं. मागच्या गेटवरही तसंच. आणि तो पिशवीवाला बघा कुठं चाललाय — बघा, कुठल्या दुकानाकडे मान तरी वळवली का त्यानं? मागच्या गेटनं मेट्रोला चाललाय. सगळी कॉलनी अशीच जाते, बाहेरून वळसा पडतो, ऊन लागतं, इथून गार हवेतनं सरळ. इथं एकदा, मागं एकदा, संध्याकाळी घरी जाताना परत दोनदा. एक माणूस, दिवसाचे चार. रेड्डी अंकल म्हणून आहेत, शुगरवाले, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, ते पुढच्या गेटनं आत, मागच्या गेटनं बाहेर, पार्किंगला वळसा घालून परत आत — अशा पंधरा फेऱ्या मारतात रोज सकाळी. म्हणजे किती झाले? तीस. ते एकटे तीस माणसं आहेत, ताई. त्यांना माहीत आहे, जाता जाता तेलुगूत विचारतात, आज मी किती जण झालो रे? हसतात. मीही हसायचो.

दोन पोरी आल्या. दाबा, दोनदा. क्लासच्या आहेत, वर जातील, पण आल्या ना, दाबा.

काय सांगत होतो — सत्यवतीकाकी. आमच्या गल्लीतली, तीन घरं सोडून. येसराचं पीठ, मेतकूट, धपाट्याची भाजणी, काळा मसाला, वीस वर्षं घरातूनच करायची. काचीगुड्याच्या बायका दारात येऊन थांबायच्या. मग तुमच्यासारखे पुण्या-मुंबईचे कंप्युटरवाले लोक आले, त्यांना कुठनं कळलं काय माहीत, गाड्या घेऊन गल्लीत शिरायचे. माझी आई तिच्याकडे भाजायला बसायची. आमच्या घराला कायम मेथ्यांचा वास. तर काकीच्या मनात आलं की आपलं दुकान असावं. पाटीवाल्या दुकानात बसावं, दिवे असलेल्या. इथं येऊन बघून गेली, सरांनी तिला सगळं सांगितलं, चहा पाजला, आणि मग ती खाली आली आणि मला विचारलं, युवराज, खरं सांग, किती माणसं येतात रे? सर इथंच उभे होते, ह्या खांबाला टेकून. मी काय करणार? सांगितलं. चार हजार.

दाबा, म्हातारा आला. रेड्डी अंकल नव्हेत, ते दुसरे.

दुकान छान केलं होतं तिनं. पितळेचे डबे, पांढरे कपडे घातलेल्या दोन मुली, आई पण यायची नवी साडी नेसून. पहिले चार दिवस बरकतपुऱ्याचे लोक आले, हळदीकुंकू झालं, पेढे वाटले. मग ते थांबले — त्यांना काय, ते घरीच घेत होते, मेट्रो बदलून इथं कशाला येतील? आणि इथले... इथले मेट्रोला जातात. काकी दारात खुर्ची टाकून बसायची आणि जाणाऱ्याकडे बघून हसायची. प्रत्येकाकडे. संध्याकाळी दिवे बंद करून माझ्याकडे यायची, आज किती रे? आणि मी दोन्ही गेटांची मशीनं मिळवून सांगायचो. तीन हजार नऊशे, काकी. आज चार हजार शंभर. रोज, ताई. आठ महिने रोज सांगितलं.

एकदा दुपारी तिनं मला आत बोलावलं. तळहातावर मेतकूट घातलं चिमूटभर, म्हणाली, बघ चव. काही बदललंय का? मी म्हटलं, नाही काकी, तेच आहे, मस्त आहे. तर म्हणाली, तू घरचा आहेस, तू मस्तच म्हणणार. चार हजार परके लोक रोज दारावरून जातात आणि एकाला आत यावंसं वाटत नाही. त्यांचं खरं असणार.

तिला वाटलं तिच्या हाताची चव गेली.

कळलं का तुम्हाला? रस्त्यावर कुणी नसतं तर ती म्हणाली असती, जागा वाईट, गेलं उडत. पण चार हजार लोक, आणि कोणी नाही. मग दोष कुणाचा? माझाच, म्हणाली. दुकान बंद केलं ते केलं, घरी पण करत नाही आता. काचीगुड्याच्या बायका येतात, त्यांना दारातूनच सांगते, हाताला चव राहिली नाही हो, दुसरीकडे बघा. आईला दुसऱ्यांकडे पोळ्यांचं काम धरावं लागलं. आमच्याकडे आता मेतकूट दुकानातलं असतं, पाकिटातलं. आई भातावर चिमूटभर घेते आणि पाकीट बाजूला सारते.

नाही, नाही सांगितलं मी. तिला नाही, आईलाही नाही. दोनदा गेलो होतो दारापर्यंत. दुसऱ्यांदा तर आत जाऊन बसलो, तिनं चहा दिला, तुझं काम बरं चाललंय का विचारलं, मी हो म्हणून कप विसळून ठेवला आणि आलो.

सर इथं उभे नव्हते, ताई.

मी मघाशी म्हणालो ना, खांबाला टेकून. नव्हते. तिनं इथं विचारलंच नव्हतं. आमच्या घरी विचारलं. रविवार होता, आई आणि ती डाळ निवडत बसल्या होत्या, मी दाराशी मोज्यांतली धूळ झटकत होतो, आणि काकी म्हणाली, वरचा तो माणूस सांगतो त्याचं मला काही खरं वाटत नाही, पण आपला युवराज रोज दारातच असतो, त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? सांग बाबा. आणि आईनं हातातलं सूप थांबवलं, माझ्याकडे बघितलं. मला कुणी कधी काही विचारत नाही हो, ताई. शाळा सोडली तेव्हा हीच काकी आईबरोबर मास्तरांकडे गेली होती, मुलगा वाईट नाही, बुजरा आहे म्हणून सांगायला. तीच आता मला विचारत होती, माहिती म्हणून. सर नाही, कुणी नाही, नोकरी जायची भीती नाही. खरं सांगायला काय लागत होतं? पण खरं सांगायचं तर सांगावं लागलं असतं ना, की मी दिवसभर काय करतो. एकट्या रेड्डी अंकलची तीस माणसं करतो म्हणून. तर मी मान वर करून म्हणालो — चार हजार, काकी. शनिवार-रविवारी सहा. आई हसली. अशी हसली की... जाऊ द्या.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगितलं काय माहीत. तुम्ही मराठीत बोललात म्हणून असेल.

तुमची ती लाकडी खेळणी — सुटकेसमधून सरांना दाखवायला आणलीत ना, गेटवर तपासायला उघडली तेव्हा बघितली मी. त्या बैलगाडीची चाकं खरंच फिरतात. नोकरी सोडून करताय म्हणालात फोनवर. मी गाळा घेऊ नका म्हणत नाही, मी कोण सांगणारा. पण घेतलात आणि कुणी आलं नाही, तर खेळणी वाईट आहेत असं समजू नका एवढंच. किती झाले हो? बघा ना मशीन. — नऊ. वीस मिनिटांत नऊ, आणि त्यातल्या दोघी क्लासच्या.

लिफ्ट आली. सर आहेत. मशीन द्या, ताई — द्या इकडे, लवकर, खालून द्या. आणि एक करा, त्यांच्यासमोर मला काही विचारू नका. तुम्ही विचारलंत तर मी काय सांगेन ते मला माहीत आहे. उठा, खुर्ची—

जी सर. हौ सर, मैडम को बैठाया था. जी? फुटफॉल? कित्ते लोगाँ आते?

...

चार हजार, मैडम. रोज का. सनीचर-इतवार छे.

माझ्याकडे नका बघू ना, ताई.

कुछ नै सर, मराठी में पूछे थे कुछ, पानी का. ऑफिस वर आहे, ताई, लिफ्ट इकडे — तिकडं नाही, तो बाहेर जायचा... बरं. बरं. सुटकेस सांभाळून, पायरी आहे तिथं.

मालूम नै सर, कैकू चले गए. मैं कुछ नै बोला. मैं क्या बोलूँगा, सर?

हौ सर. दबाता हूँ. उनका भी.