वेल्सच्या विहिरीतलं उंबराचं पाणी

नाव बीआट्रिस युजीन परेरा, वय ५८ वर्षे, व्यवसाय हॉस्पिटलच्या किचनमध्ये नोकरी, राहणार हॅमिल्टन, ऑन्टारिओ. मूळ गाव वसईकडचं.

मी पोलीस स्टेशनात स्वतः बसून, दुभाषी सीमाबाई यांच्यामार्फत मराठीतून सांगते ते असं. इंग्रजी मला येतं, पण रागात येत नाही, म्हणून मराठी.

माझी मुलगी शॅरन हिचं उद्या, शनिवार दि. २२ ऑगस्ट २००९ रोजी सकाळी चर्चमध्ये लग्न आहे. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि कळशी भरून आणतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. माझ्या नणंदेने टोरांटोला तिच्या मुलीच्या वेळी बेसमेंटच्या नळाचं पाणी भरलं, लॉन्ड्रीच्या सिंकभोवती बँड वाजवला. त्याला उंबराचं पाणी म्हणायचं तर म्हणोत बापडे. माझ्या पोरीची आंघोळ विहिरीच्याच पाण्याने होणार, हे मी एंगेजमेंटलाच सांगून टाकलं होतं. शॅरन म्हणाली, "व्हॉटएव्हर मेक्स यू हॅपी, मॉम." म्हणजे तिचीही परवानगी होती.

हॅमिल्टनच्या बाहेर जुन्या इमारतींचं एक म्युझियम आहे. तिथले मिस्टर प्रिचर्ड यांनी इंग्लंड आणि वेल्समधली पडायला आलेली घरं, एक चॅपल, एक गोठा, असं सगळं दगड न् दगड नंबर घालून जहाजाने आणलं आणि पुन्हा उभं केलं. मागच्या वर्षी हॉस्पिटलची पिकनिक गेली तेव्हा मी तिथली विहीर पाहिली. वेल्सच्या कुठल्याशा सेंटची विहीर. तिच्या पाण्याने डोळे बरे व्हायचे, असं बोर्डावर लिहिलंय. छान दगडी कठडा, वर रहाट. मी तिथेच क्रुसाची खूण केली आणि म्हटलं, शॅरनचं काम झालं. विहीर म्हटल्यावर आत पाणी आहे का, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही.

आज दुपारी आम्ही तिकिटं काढून आत गेलो. मी, यजमान युजीन, घरच्या बायका आणि ट्रम्पेट घेऊन माझा दीर ॲलरॉय. आम्ही चोरून शिरलो असं मिस्टर प्रिचर्ड म्हणतात. ट्रम्पेट वाजवत चोरी करायला कोण जातं, ते त्यांनी सांगावं.

मी कळशी सोडली ती खाली ठण्णकन आपटली. ॲलरॉय वाजवायचा थांबला. युजीनने वाकून पाहिलं आणि सांगितलं की विहीर कमरेएवढीच आहे, वरचे दगड वेल्सचे आणि खाली हॅमिल्टनचा सिमेंटचा स्लॅब. मला तिथेच रडू फुटलं. गावच्या विहिरीवर आता पार्किंग झालंय. तिच्याच पाण्याने माझ्या आईने मला आंघोळ घातली होती. पोरीला मी या देशात सगळं दिलं आणि एक कळशी पाणी काही देता येईना, याचं मला फार वाईट वाटलं.

युजीन स्टील मिलमधून रिटायर झालाय. त्याला माझं रडणं बघवत नाही. तो व्हॅनकडे गेला आणि रिसेप्शनसाठी घेतलेल्या पाण्याच्या बाटल्यांची खोकी घेऊन आला. आम्ही बाटल्या विहिरीत ओतायला लागलो. बघायला आलेली माणसंही मदतीला आली. विंडसरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी आपली अर्धी बाटली दिली. एकजण ज्यूस ओतायला निघाला, त्याला मी अडवलं. कळशी बुडेल इतकं पाणी झाल्यावर ॲलरॉयने पुन्हा सुरू केलं आणि मी रीतसर कळशी भरली.

तेवढ्यात मिस्टर प्रिचर्ड धावत आले. त्यांचं म्हणणं, ही विहीर वेल्समध्येच दीडशे वर्षं कोरडी होती, त्यांनी ती कोरडीच जपून आणली होती आणि तिचा ऐतिहासिक कोरडेपणा आम्ही बिघडवला. त्यांनी पोलीस बोलावले. पोलिसांनी माझी कळशी पाण्यासकट जप्त केली. ती आता या टेबलावर आहे, वर चिकटपट्टी लावून.

कॉन्स्टेबल साहेब सज्जन आहेत. ते म्हणाले, पाणी बाटलीचं असेल तर ते तुमचंच, कळशी उचला आणि घरी जा. पाणी विहिरीचं असेल तर ते म्युझियमचं, मग कळशी सोमवारपर्यंत इथेच राहील. युजीनने मला कोपराने ढोसलं. सीमाबाईही म्हणाल्या की मावशी, बाटलीचं म्हणा आणि सुटा. हे वाक्य लिहायला त्या तयार नव्हत्या, मी लिहायला लावलं.

माझा जबाब असा की पाणी विहिरीचं आहे. पाऊस विहिरीत पडला की त्याला कोणी पावसाचं पाणी म्हणत नाही. नुसतं बाटलीचंच न्यायचं होतं तर मी घरी बसले असते. उद्या पोरीला खोटं सांगून आंघोळ घालणार नाही. गुन्हा नोंदवा.

सीमाबाईंनी याचं इंग्रजी करून सांगितल्यावर समोर बसलेल्या मिस्टर प्रिचर्ड यांनी ते पुन्हा सांगायला लावलं. नंतर म्हणाले की हेरिटेजवाले त्यांना गेली कित्येक वर्षं लिहून कळवतायत, जागेवरून हलवल्यावर ती विहीर राहिली नाही, तो दगडांचा ढीग आहे. त्यांनी मला विचारलं, ती खरंच विहीर आहे असं तुम्हाला वाटतं का?

मी म्हटलं, "नाहीतर मी पाणी चोरलं कुठून?"

मिस्टर प्रिचर्ड यांनी तक्रार मागे घेतली आहे. या जबाबाची एक कॉपी सही-शिक्क्यासह त्यांना हवी आहे, ती द्यायला माझी हरकत नाही. कळशी मला भरलेली परत मिळाली.

वरचा मजकूर सीमाबाईंनी मला मराठीत आणि मिस्टर प्रिचर्ड यांना इंग्रजीत वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. शेवटच्या पानावर कॉन्स्टेबल साहेबांनी 'कथित विहीर' असा शेरा मारला होता. त्यातला 'कथित' हा शब्द मिस्टर प्रिचर्ड यांच्या विनंतीवरून खोडला आहे.

सही,
बीआट्रिस यु. परेरा